सावडीचा अभ्यास

पहिल्या शनिवारी माझ्या टेबलावर एकवीस कागद आले. प्रत्येक कागदावर डिंकाने चिकटवलेली पाच पानं. मला बरं वाटलं. सांगितलेलं काम पोरांनी पहिल्याच फटक्यात केलं, असं शाळेत रोज कुठे होतं? मग दुसरा कागद बघितला, तिसरा बघितला, आणि चौथ्याला माझ्या डोक्यात तिडीक गेली. सगळ्या कागदांवर साग, पळस, आंबा, करवंद आणि कुडा. त्याच क्रमाने. आंब्याचं पान प्रत्येक ठिकाणी उलटं. पहिलीतला पोरगा असो की चौथीतली पोरगी, अख्ख्या वाडीने आंब्याचं पान उलटंच चिकटवलं होतं.

"कोणी केलं हे?"

"घरच्यांनी!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

"कोणाच्या घरच्यांनी?"

यावर सगळे आढ्याकडे बघायला लागले.

हा अभ्यास मी हौसेने दिला नव्हता. सन दोन हजार तीनचा पावसाळा होता. धसईला एसटीतून उतरून डोंगराच्या अंगाला चालत गेलं की आमची वाडी. पहिली ते चौथी, एक खोली, एक व्हरांडा आणि शिकवायला मी एकटी. दुसऱ्या गुरुजींची जागा रिकामी होती आणि ती भरेल ही आशा मी सोडून दिली होती. चार इयत्ता एका फळ्यावर हाकताना जीव मेटाकुटीला येतो. त्यात हे नवीन लचांड मी आपल्या हाताने मागे लावून घेतलं, ते एका पोरीसाठी.

रेश्मा तिसरीत होती. आदल्या भादव्यात तिची आई रंभा काविळीने गेली. घरात आता ती आणि तिचा बाप सदानंद, दोघंच. सदानंद वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. दारू नाही, मारझोड नाही. सकाळी पोरीची वेणी घालायचा, वाकडी का होईना, तिच्यासाठी भाकरी झाकून ठेवायचा आणि धसईच्या भातगिरणीत कामाला जायचा. फक्त बोलायचा नाही. रंभा होती तोवर त्या घरातून बोलण्याहसण्याचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. ती गेली आणि घर मुकं झालं. बापाचं बघून पोरगीही तशीच झाली. हजेरीला 'हजर' म्हणायची, तेही ओठांतल्या ओठांत. कविता म्हण म्हटलं की मान खाली. गणित बरोबर सोडवायची, पाटी पुढे करायची आणि जागेवर जाऊन बसायची. मी गोड बोलून बघितलं, रागावून बघितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

सदानंदाकडेही गेले होते. "रात्री जेवताना जरा पोरीशी बोलत जा," म्हटलं. "हो बाई," म्हणाला आणि गोठ्यात निघून गेला. दुसऱ्यांदा गेले तर नुसती मान डोलावली. म्हणजे माझ्या समजावण्याने होते ते दोन शब्दही गेले.

तेव्हा मी ही युक्ती काढली. दर शनिवारी पोरांना एक काम द्यायचं, ते घरच्या मोठ्या माणसाबरोबर बसून करायचं आणि पुढच्या शनिवारी वर्गात दाखवायचं. काम कसलंही असो, त्या निमित्ताने सदानंद तासभर पोरीजवळ बसेल आणि दोघांच्या तोंडून चार शब्द बाहेर पडतील, एवढाच माझा डाव. त्याला एकट्याला सांगितलं असतं तर चारचौघांत त्याचा पाणउतारा झाला असता. म्हणून सगळ्या वर्गाला सांगितलं. एकीच्या पायी बाकीची वीस पोरं आणि त्यांची घरं मी कामाला लावली.

आणि हाती आली ही उलटी आंब्याची पानं.

शाळा सुटल्यावर मी तडक गुणाबाईकडे निघाले. वाडीतली कुठलीही भानगड गुणाबाईला विचारायची, कारण ती बहुधा तिनेच केलेली असायची. गुणाबाई घरी नव्हती. लावणीचे दिवस. वाडीतल्या सगळ्या बायका कुंडलिकबाबांच्या खाचरात गुडघाभर चिखलात वाकून उभ्या होत्या. मी बांधावर छत्री धरून उभी राहिले आणि तिथूनच विचारलं, की हा अभ्यास केला कोणी?

"सावडीनं केला," गुणाबाई वाकल्या कमरेनेच म्हणाली.

सावड मला ठाऊक होती. मजूर लावायची ऐपत कोणाची नाही, म्हणून आज सगळी वाडी एकाच्या शेतात राबते, उद्या दुसऱ्याच्या. मजुरीचा विषय नाही, फक्त पाळी. तर या लोकांनी माझा घरचा अभ्यास लावणीसारखा पाळीवर टाकला होता. दर आठवड्याला एक घर. त्या घराने सगळ्या पोरांचं काम उरकायचं, बाकीच्यांनी बिनघोर शेतावर जायचं.

"अहो, पण तो अभ्यास ज्याचा त्याने करायचा असतो!"

"असं कोन म्हनतं?" आता ती सरळ झाली. "लावनी आमी सावडीनं करतो, घर शाकारतो ते सावडीनं. मग ह्ये पोरांचं तेवढं एकेकट्यानं कशाला? तुमाला पानं पायजे व्हती, पानं आली ना?"

"मला पानं नको होती, गुणाबाई!"

"मग मागितली कशाला?"

बाकीच्या बायका खाली मान घालून हसत रोपं लावत राहिल्या. मला पानं का नको होती हे त्यांच्यासमोर सांगता येईना, आणि न सांगता पटवता येईना. चिखलात रुतलेली चप्पल उपसून मी परत फिरले.

पुढच्या शनिवारसाठी मी मातीचा बैल सांगितला. म्हटलं, आता बघू. प्रत्येकाच्या हाताचा बैल वेगळाच होणार. शनिवारी टेबलावर एकवीस बैल ओळीने उभे राहिले, सुबक, टुमदार, आणि प्रत्येकाचं डावं शिंग मोडलेलं. पाळी कुंडलिकबाबांची होती. म्हाताऱ्याला मी रस्त्यात गाठलं, तर तो उलट माझीच समजूत घालायला लागला. "बाई, आमचा ढवळ्या तसाच हाय ना! डावं शिंग हायच नाय त्याला. खोटा बैल कसा करू?" मी हात जोडले.

त्याच्या पुढच्या आठवड्यात घराचं दार वितीने मोजून आणायला सांगितलं. अख्ख्या वाडीची दारं बोटभरही कमीजास्त नव्हती. घरी माझा नवरा हसून हसून बेजार. "एवढी एकी आमच्या बँकेत असती तर!" म्हणाला. त्याला हसायला काय जातं? तो मुरबाडात खुर्चीवर बसतो.

आणि मग आला तो माणसं मोजायचा शनिवार. 'तुझ्या घरात माणसं किती? त्यांची नावं लिहून आण.' इतकं साधं. यात सावड काय घालणार, कपाळ? पण पाळी गुणाबाईची होती. पहिली पाटी पुढे आली, माणसं अकरा. दुसरी पाटी, अकरा. मी मुकाट्याने बघत गेले. रेश्माची पाटी आली. तिच्या सुरेख अक्षरात अकरा नावं, पहिलं गुणाबाईचं, शेवटचं गुणाबाईची नात बारकी हिचं. त्या पाटीवर रेश्माचं स्वतःचं नाव नव्हतं. तिच्या बापाचं नव्हतं.

"रेश्मा, ही तुझ्या घरातली माणसं?"

तिने मान हलवली. हो की नाही, तेही कळलं नाही.

मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. ज्या पोरीसाठी हा सगळा खटाटोप मांडला, तिचंच घर त्यात कुठे राहिलं नव्हतं. मी त्याच दिवशी शाळा सुटताना पालकांना बोलावून घेतलं. आले सगळे, लावणीच्या चिखलाच्या पायांनी, आणि व्हरांड्यात बसले. सदानंद खांबाला टेकून नखं बघत होता. मी अर्धा तास बडबडले. शिक्षण म्हणजे काय, पालक म्हणजे काय, घर म्हणजे काय. सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावण्यात आमच्या वाडीचा हात कोणी धरणार नाही.

शेवटी मी माझा हुकमी एक्का काढला. "येत्या शनिवारचं काम ऐका. घरातल्या मोठ्या माणसाने आपल्या लहानपणची एक खरी गोष्ट मुलाला सांगायची. मुलाने ती वर्गात उभं राहून सांगायची. आता करा सावड! एकाचं लहानपण दुसऱ्याला कसं देणार?"

लोक एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसले. मला वाटलं, खजील झाले. आता प्रत्येक घरात निदान एकदा तरी बाप पोराशी बोलेल, सदानंदही बोलेल, अशा समजुतीत मी तीन-चार दिवस मजेत होते.

मग शुक्रवारी मधल्या सुट्टीत बारकी माझ्याजवळ आली. चौथीतली, तोंडाळ, वाडीची चालतीबोलती बातमी. "बाई, ह्या आठवड्याला सदानंदकाकाची पाळी हाय."

"कसली पाळी?"

"गोष्टीची. आज सांजच्याला आमी समदी त्याच्या ओटीवर जानार."

मातीचे बैल असते तर त्या माणसाने मुकाट्याने केले असते. दार असतं तर मोजलं असतं. नेमकी त्याच्या पाळीला मी गोष्ट लावून ठेवली होती! घरात पाणी मागायला तोंड न उघडणारा माणूस वीस-एकवीस पोरांसमोर बसून काय सांगणार? गप्प बसेल, नाहीतर अडखळत दोन शब्द बोलेल. पोरं खिदळतील. आणि हे सगळं दारात उभी राहून त्याची पोरगी बघेल. तोंड उघडलं की हसू होतं, हेच त्या दोघांना कायमचं कळायचं.

शाळा सुटल्याबरोबर मी गुणाबाईच्या घरी.

"गुणाबाई, त्याची पाळी टाळा. पुढे ढकला. त्याला नाही जमायचं."

"गोष्ट तुमीच लावली ना?"

"मला काय ठाऊक त्याची पाळी आहे!"

"मग इचारायचं."

तिथे माझा तोल गेला. "हे सगळं मी कोणासाठी मांडलं, आहे का ठाऊक तुम्हाला? त्या रेश्मासाठी! बापलेक जरा बोलते व्हावेत म्हणून! आणि तुम्ही त्याची सावड करून ठेवलीत!"

"ठाऊक हाय," गुणाबाई शांतपणे चुलीत लाकूड सारत म्हणाली. "तुमी दोनदा त्याच्या घरी गेलात, तवाच समद्या वाडीला कळलं."

"मग ठाऊक असून?"

"लावनी कोन करनार, बाई? तुमी येता?"

मी उठायला लागले तर तिने हाताने बसवलं. "ऐका. पाळी टाळायची नाय. रंभा गेली त्या साली कापनीला पन आमी त्याची पाळी टाळली नाय. एकदा का पाळी टाळली, का मानूस वाडीतनं उठला म्हनून समजा. पोरं त्याच्या ओटीवर जातील. बोलला तं बोलला, नाय बोलला तं बसून उठून येतील. तुमी नका मधी पडू."

मी मधे पडले नाही, कारण पडायला जागाच ठेवली नव्हती. पण घरी जाताना एसटीत मी मनातल्या मनात गुणाबाईला, सावडीला, शेवटी स्वतःच्या युक्तीला शिव्या घालत होते.

शनिवारी वाडीकडे चालत येताना ठरवून टाकलं. कोणी काही बोललं नाही तर गोष्टीचं नाव काढायचं नाही, सरळ पाढे घ्यायचे. पण वर्गात पाऊल टाकलं तर बारकी हात वर करून उभीच.

"बाई, सांगू? सदानंदकाका लहान असताना बापाबरोबर म्हसा गावच्या जत्रेला गेलता. बैल बघायला. गर्दीत बापाचा हात सुटला नि काका हरवला. तिथं घोंगड्यांच्या दुकानाशी एक पोरगी हुबी व्हती. ती रडत व्हती. काकानं इचारलं, तू हरवलीस काय गो? तं ती म्हनाली, मी नाय हरवले, माझा बाप हरवलाय!"

वर्ग हसला. मीही हसले, आणि हसता हसता थांबले.

"मग काकानं तिला उगी केलं, तिचा हात धरला नि दोघांचे बाप हुडकून काढले. ती पोरगी म्हंजे रंभाकाकी."

"हे सदानंदकाकाने सांगितलं? स्वतः?"

"हो बाई. पयला लय वेळ नुसता बसून व्हता. आमी घरी जायला उठलो, तवा सांगायला लागला."

मला काय वाटलं ते सांगता येत नाही. देव पावला म्हणावं, तर लगेच दुसरा पोरगा उठला आणि त्याने तीच गोष्ट पहिल्यापासून सुरू केली. मग तिसरी. मग चौथा. सावडीचा अभ्यास! म्हशाची जत्रा, सुटलेला हात, घोंगडीचं दुकान, हरवलेला बाप. पाचव्या वेळेपर्यंत मला पाठ झाली. आणि गोष्ट जागच्या जागी राहती तरी बरं होतं. सहाव्याने सदानंदाकडून रंभेला जिलबी देववली. आठव्या पोरीने त्यात उधळलेला बैल सोडला. दहाव्याने सदानंदाला त्या बैलाची शिंगं धरायला लावली. सदानंद जसजसा शूर होत गेला तसतशी रंभा जास्त जास्त रडत गेली. आधी नुसती रडली, मग हुंदके देऊन, मग जमिनीवर लोळून. मी कपाळ दाबून ऐकत होते.

मधेच रेश्माकडे नजर गेली. ती खाली मान घालून बसली होती. फ्रॉकची कड मुठीत घट्ट धरलेली, कान लाल. मेलेल्या आईची गोष्ट पोरीने अशी लोकांच्या तोंडून ऐकायची, तीही फुगवून, हसत, खिदळत. हे थांबवायलाच हवं होतं. मी छडी टेबलावर आपटणार, एवढ्यात पहिलीतला दीपेश उठला. त्याला बाकी गोष्ट काही आठवेना, म्हणून त्याने थेट शेवटच धरला. "रंभाकाकी एवढी रडली, एवढी रडली, का तिच्या नाकातनं..."

"नाय!"

कोण ओरडलं ते मला आधी कळलंच नाही. तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. चिरका, जाडसर, बरेच दिवस न वापरलेला. रेश्मा उभी होती.

"नाय! आई रडत नव्हती. बाबा रडत व्हता!"

दीपेश घाबरून खाली बसला.

"सकाळधरनं समदे खोटं सांगताय! आईनं बाबाचा हात धरला, बाबानं नाय. बैल नाय नि बिल नाय. जिलबी कुठनं आनली? पैसेच नव्हते कोनाकडं. आई घोंगडीवाल्याच्या पेटीवर चढली नि तिनं आपल्या बापाला नाव घेऊन हाका मारल्या. बापाला नाव घेऊन! समदी जत्रा हसाय लागली. मग बाबाचं नाव इचारून त्याच्या बापाला पन तिनंच हाका मारल्या. बाबा नुसता खाली बसून रडत व्हता."

"पन काका तं म्हनाला, ती रडली," बारकी म्हणाली. बारकी हार मानणारी नव्हती.

"तुमच्यासमोर म्हनाला! तुमी गेल्यावर मी इचारलं, आई खरंच रडली काय? तं म्हनाला, नाय गो, मीच रडलो."

मी विचारलं. "मग, रेश्मा? आणखी काय म्हणाले बाबा?"

रेश्माने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी पोरांकडे बघते. वैतागून.

"काय काय सांगू, बाई? थांबतच नव्हता. जत्रेचं झालं, मग लगनाचं काढलं, मग आईला पयल्यांदा भाकरी येत नव्हती त्याचं, मग मी झाले तवाचं. मला झोप आली तरी सांगतोच हाय. शेवटी मीच म्हटलं, बाबा, बास कर, आता उद्या सांग." तिने दम घेतला आणि सगळ्या वर्गावरून नजर फिरवली. "नि ह्यांना समद्यांना परत सांगायला लावा. नीट."

मी लावलं. शाळा सुटायची वेळ होऊन गेली तरी लावलं. वीस पोरं एकेक करून पुन्हा उठली, रेश्मा कमरेवर हात ठेवून प्रत्येकाची चूक काढत उभी राहिली, आणि रंभा रडली असं म्हणायची परत कोणाची छाती झाली नाही.